करंजाची दुसरी डहाळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही. नातवंडांना आजीच्या सगळ्या फजित्या तोंडपाठ आहेत. ही एवढी सोडून. सुरुवात एका मूर्ख चुकीनं झाली. शेवटची गाडी जायच्या आधीच मी शेवटच्या गाडीची डहाळी देऊन बसले!

कळलं नाही ना? थांबा, सांगते. रस्त्याची एक बाजू उकरली की उरलेल्या बाजूनं आळीपाळीनं गाड्या सोडतात. मध्ये वळण असलं तर पलीकडचा माणूस दिसत नाही. मग शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती झाडाची डहाळी द्यायची. ती पोचली की पलीकडच्यानं समजायचं — वाट मोकळी, आता आपल्या गाड्या सोडायच्या.

मी बांधकाम खात्यात नवी नवी अभियंता. कोरेगावच्या बाजूला कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं आणि प्रात्यक्षिकाला उभी कोण? मी! गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, नाक आभाळात. जणू सगळा सातारा जिल्हा माझ्याच बोटावर चालत होता. पलीकडच्या टोकाला आनंदा — कुंडलचा, रोजंदारीवरचा मजूर. लवकरच कायम होणार म्हणून खुशीत होता.

उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला मी डहाळी दिली. तेवढ्यात मागून जेवणाची जीप आली. ड्रायव्हर ओरडला, "बाई, भात गार होतोय!" मी हसले — आणि हात केला, जा. साहेब मंडळी पाठमोरी, नकाशावर वाकलेली. कुणी बघितलं नाही. मलाही काही वाटलं नाही. वाटलं ते आवाज आल्यावर.

वळणावर जीप आणि पलीकडून आनंदानं सोडलेली मोटारसायकल. मोटारसायकलवरच्या बाईचा पाय मोडला होता, जीपचा ड्रायव्हर कपाळ धरून बसला होता. पण मी धावले ती कुणाला उचलायला? — नाही हो. धावता धावता मी करंजाची आणखी एक डहाळी मोडली. सगळे त्या बाईभोवती गोळा झालेले. मी ती डहाळी जीपच्या काचेपाशी ठेवली.

इतकंच. एका श्वासाचं काम. भीती माणसाला किती चपळ करते, नाही?

साहेब आले. त्यांनी डहाळी उचलली, उलटसुलट करून बघितली. करंजाचं पान कुस्करलं की उग्र वास येतो. माझ्या बोटांना तो येत होता. मी हात पदराखाली घेतला. आनंदा म्हणत होता, "सायेब, ट्रॅक्टरवाल्यानं दिली हुती मला डहाळी." पण धावपळीत त्यानं ती टाकून दिलेली, ट्रॅक्टर कधीच पुढं गेलेला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "जीपलाच दिली होती."

आनंदाला कामावरून काढलं. ड्रायव्हरला पुढे काही नीट आठवेना. तो समोरून आला की मी वाट बदलायची — आज आठवलं तर?

इथं थांबले असते तरी एक वेळ... पण मी कुठली थांबतेय! पुढे सांगलीला बदली झाली, विश्रामबागेत मीच प्रशिक्षणं घ्यायला लागले. आणि दर वेळी हा किस्सा सांगायची. डहाळी न बघता गाड्या सोडणारा मजूर! त्याची नक्कल करायची — तोंड उघडं, डोळे भिरभिरते. सभागृह हसायचं. मला वाटायचं, जितके लोक हसतील तितकं ते खरं होत जाईल.

यंदा निवृत्त बाई म्हणून पुन्हा बोलावलं. नक्कल केली, टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक तरुण कर्मचारी जवळ आला. "बाई, ते आमच्या कुंडलचं आनंदाआप्पा न्हवं? ते बी आसंच सांगत्यात." तेही असंच सांगतात? म्हणजे कसं?

दुसऱ्या दिवशी कुंडलची गाडी धरली. वाटेत वाक्य घोकत होते: डहाळी मी ठेवली, डहाळी मी ठेवली. आनंदा अंगणात बसला होता, वाळलेला, पांढराफटक. मला ओळखून धडपडत उठला, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलू लागला, आणि त्याचं ऐकून घेतल्यावर मी — ऐका — काहीच बोलले नाही. चहा प्याले आणि परत आले. तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते:

"आवं बाई, बरं झालं आला. लय दिस मनात हुतं. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला आसंल, मलाच ती डहाळी वाटली. तुमी कशाला खोटं बोलशीला? माझ्यापायी तुमाला तवा लय बोलणी बसली आसतील. माफ करा मला."