सात चिपट्यांची अधोली

तारीख १८ जानेवारी १९६३, शुक्रवार. रक्कम तीस रुपये, बालवाडीच्या बाईंचा एका महिन्याचा पगार. हजर: सरपंच, बालवाडी समितीचा चिटणीस म्हणून मी, बाई, एकोणीस मुलं आणि दाराशी उभी असलेली एका मुलीची आई. ही आई आमच्याच शेतात रोजानं यायची. त्याच दिवशी मी हे वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आज नेमकं सांगता येतं.

ठरवायचं इतकंच होतं की हे तीस रुपये ग्रामपंचायतीनं पुढेही द्यायचे की नाही. अहवाल मी लिहायचा, त्यावर सही सरपंचांची. सही झाली नाही तर बालवाडी बंद. बाई विधवा होत्या, मोताळ्याकडच्या. गावात भाड्याच्या खोलीत म्हाताऱ्या आईला घेऊन राहत.

तक्रार अशी होती की दिवाळी होऊन गेली तरी मुलांना अ-आ येत नाही. बाई पाटी देत नसत. चावडीशेजारच्या त्या खोलीत ज्वारी, चिंचोके, माती, पाण्याची घंगाळं आणि चाळण्या मांडलेल्या असत. मुलानं काही विचारलं तर बाई उत्तर देत नसत. "बघू या," म्हणत आणि त्यालाच करून पाहायला लावत. बौद्धवाड्यातली सात मुलं आमच्या मुलांबरोबर एकाच घंगाळात हात घालतात, हीही तक्रार होती. पण ती कोणी कागदावर लिहून दिली नव्हती.

त्या आठवड्यात बाईंनी प्रत्येक मुलाला घरून एक माप आणायला सांगितलं होतं. माझ्या पाच वर्षांच्या मुलीबरोबर मी आमची पत्र्याची अधोली पाठवली. सरकारनं किलो-लिटर आणले होते, पण मजुरी अजून जुन्या मापानंच दिली जाई. चार चिपट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. म्हणजे अधोलीत आठ चिपटी मावली पाहिजेत. दिवसभर ज्वारी कापणाऱ्या बाईला संध्याकाळी एक अधोली ज्वारी, हा आमच्याकडचा रोज.

सरपंच दारातूनच म्हणाले, "शाळा हाये का खळं? भाऊ, एखादी बैलजोडी पाठवून दे बाईले. मळणीही होऊन जाईन."

मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. मुलंही हसली नाहीत, ती कामात होती.

माझी मुलगी आणि त्या मजूर बाईची मुलगी आमच्या अधोलीपाशी बसल्या होत्या. एकीनं चिपटं ओतायचं, दुसरीनं मोजायचं. खळ्यावर मोजतात तसंच त्या मोजत होत्या. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ, दोन, तीन..." सात झाले आणि अधोली काठोकाठ भरली. आठवं चिपटं जमिनीवर सांडलं.

"बाबा, आपली लहान हाये," माझी मुलगी म्हणाली. तिला शोध लागल्याचा आनंद झाला होता.

बाईंनी विचारलं, "आता काय करू या?"

"दुकानवाल्याची भरून पाहू," दुसरी मुलगी म्हणाली. दुकानदाराच्या मुलानं आणलेली अधोली बरोबर आठ चिपट्यांनी भरली.

तिथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण हिशेबात कोणी माझी चूक काढलेली मला चालत नाही. मी म्हणालो, "शीग आली असेल." बाई म्हणाल्या, "बघू या." मुलींनी काडी फिरवून प्रत्येक माप सपाट केलं. सातच. मी म्हणालो, "चिपटं मोठं असेल." त्यांनी दुसऱ्या घरचं चिपटं घेतलं. सातच. मी म्हणालो, "पत्र्याला कुठं पोचा आला असेल." यावर त्या मजूर बाईच्या मुलीनं निंबाची काडी घेतली, अधोलीला बाहेरून लावली आणि उंचीवर नखानं खूण केली. मग तीच काडी आत उभी केली. खूण काठाच्या बोटभर वर राहिली. तिनं अधोली उपडी करून ठोकली, आत डोकावली, पुन्हा ठोकली.

"बाई, हिले दोन बूड हायेत."

मला लगेच आठवलं. १९६० च्या दिवाळीत अधोलीचं बूड गळू लागलं, म्हणून धाडच्या बाजारात मी ती पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेली. त्यानं जुनं बूड न काढता आतून बोटभर वर नवं बसवलं. बारा आणे घेतले. काम इतकं पक्कं की मी सरपंचांनाही त्याच्याकडे पाठवलं, आणि आमच्या गावच्या आणखी चार जणांनी त्याच दिवशी आपापल्या अधोल्यांना बुडं बसवून घेतली. माप पाण्यानं भरून पाहिलं, गळत नव्हतं. किती मावतं ते कोणीच पाहिलं नाही. तेव्हापासून तीन हंगाम आम्ही त्याच मापानं रोज देत होतो.

दाराशी उभ्या असलेल्या तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं अधोलीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि निघून गेली.

सरपंच मला चावडीमागं घेऊन गेले.

"तू आता काय करशीन ते मले समजून राह्यलं," ते म्हणाले. "वही काढशीन, अन् एकएकीले हिशेब करून देशीन. तू देलं त मलेही द्या लागन. तुह्याकडं नऊ बाया हायेत, माह्याकडं बावीस."

"पाटील, माप कमी होतं."

"कोनाले माहीत होतं बे? लेकराच्या खेळावर मजुरी ठरवतेत का कुठं?" मग त्यांनी आवाज उतरवला. "हे पाय भाऊ. अधोली घरी ने अन् आतलं बूड ठोकून काढ. अहवाल चांगला लिही, मी डोळे मिटून सही करतो. बाईचे तीस रुपये चालू. अन् तुले ज्वारी वाटतच बसायचं असन, त त्या कागदावर माही सही नाही."

अहवाल द्यायला तेरा दिवस होते. एरवी मी असा कागद अर्ध्या तासात लिहिला असता. ज्वारी वाटली तर बाई जाणार, गप्प राहिलो तर बायांची ज्वारी आपण गिळली ती कायमची. कोणत्याही बाजूनं बेरीज केली तरी कुणाच्या तरी ताटातलं माझ्या हातून जात होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेतात रोज देताना मी त्याच अधोलीनं शीग लावून ज्वारी दिली. वाटलं, पुढचं तरी भरून निघेल. ती मुलगी आईबरोबर आली होती.

"आज शीग काऊन देली?" तिनं विचारलं.

आईनं तिचा हात ओढला. "मालकाची मर्जी."

माझ्या वहीत मर्जीचा रकाना कधी नव्हता. घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमची वही बरोबर हाये न? मंग मले काय विचारून राह्यले?"

चार दिवस मी चावडीच्या बाजूनं गेलो नाही. विहिरीवर जायचं तरी मागची वाट धरायचो. माझी मुलगी रोज विचारायची, "बाबा, आपली अधोली नीट केली का?" पाचव्या दिवशी मी बालवाडीत गेलो. मुलं घरी गेली होती. बाई चाळणीतले खडे वेचत होत्या. सरपंचांची अट मी त्यांना जशीच्या तशी सांगितली. खरं सांगायचं तर, काय करायचं ते त्यांनी सांगावं आणि माझी सुटका व्हावी, म्हणूनच गेलो होतो.

त्यांनी खडे वेचणं थांबवलं नाही. "तीस रुपयांची मला गरज आहे, भाऊ. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण हे मला विचारू नका. मी हो म्हटलं तर त्या दोघी मुलींना काय सांगू? त्या पुन्हा मोजतील."

मला त्यांचा राग आला. घरी येईपर्यंत राग टिकला, पुढं टिकला नाही.

मी रोजाची वही काढली. एका दिवसामागं एक चिपटं. त्या मुलीच्या आईचे पहिल्या हंगामाचे एकतीस दिवस, दुसऱ्याचे अडतीस, चालू हंगामात अधोली बालवाडीत जाईपर्यंत सत्तावीस. एकूण शहाण्णव चिपटी, म्हणजे चोवीस शेर, म्हणजे सहा पायल्या. शीग लावून दिलेली वजा केली नाही, ती मापात नव्हती. बाकी आठ जणींच्या चाळीस पायल्या निघाल्या.

मग अहवाल लिहिला. चार ओळींचा होता. मुलं मोजायला, पडताळून पाहायला आणि चूक कुठं आहे ते शोधायला शिकली आहेत. पुरावा म्हणून माझ्या घरचं माप जोडलं आहे. पगार चालू ठेवावा.

सरपंचांनी तो वाचला, अधोली हातात घेऊन आत बोट घातलं आणि दोन्ही वस्तू मला परत दिल्या. सही केली नाही. पुढं त्यांनी आपली अधोली बदलली. मागचं काही कोणाला दिलं नाही.

ज्वारी आमच्या अंगणात वाटली, दुकानदाराच्या अधोलीनं. माझी मुलगी मोजत होती. मापावर काडी फिरवायला त्या मजूर बाईची मुलगी बसली होती. तिची आई उभी राहून प्रत्येक माप पाहत होती. एकदा मुलीची काडी तिरपी गेली, तेव्हा ती म्हणाली, "सरळ फिरव. मालकाचं जाईन." सगळं मोजून झाल्यावर तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि मुलीला म्हणाली, "चाल." एवढंच.

बालवाडी ३१ जानेवारीला बंद झाली. त्या खोलीत पुढं पंचायतीचं खत ठेवू लागले. माझ्या मुलीनं जूनपर्यंत पाटी हातात धरली नाही. घरातली मापं मात्र रोज मोजायची.

शेवटी दिलं गेलं ते असं. ज्वारी सेहेचाळीस पायल्या, नऊ बायांना, त्यातल्या सहा त्या मुलीच्या आईला. जानेवारीचे तीस रुपये बाईंना, पंचायतीकडून. फेब्रुवारीचे तीस रुपये बाईंना, माझ्याकडून. त्यांतले दहा त्यांनी ठेवले, खोलीच्या भाड्याची बाकी आणि आईसह परत जायच्या एसटी भाड्यापुरते. वीस परत केले.