सात नंबरचे बी

दिगंबररावांची आणि माझी ओळख ‘सर्वोत्तम’ या शब्दावरून झाली. जालन्याजवळच्या कापूस फार्मवर अहवाल लिहिण्यासाठी मला नेमले होते. मी साहित्याचा पदवीधर. पहिल्याच अहवालात एका वाणाला मी सर्वोत्तम म्हटले. फार्मचे संख्याशास्त्रज्ञ दिगंबरराव कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“किती वाणांतून?”

“बारा.”

“बारांतून कुणीतरी पहिला येणारच. त्यात वाणाचा गुण किती, जमिनीचा किती?”

त्यांनी शब्द खोडला. आज त्यांची साठी साजरी होत असताना मला आधी तेव्हा आलेला राग आठवतो.

त्या उन्हाळ्यात भोकरदन-जाफराबादकडचे शेतकरी नव्या बियाण्यासाठी खेटे घालत होते. पेरणीपूर्वी एक नाव जाहीर करू, असा शब्द फार्मप्रमुख देशपांडे देऊन बसले होते. वाणांची आपसांत तुलना करण्याच्या तीन पद्धती आमच्यापुढे होत्या: एक सैल, एक मधली, एक कडक. सैल पद्धत बरेच वाण सरस ठरवी. कडक पद्धत सहसा कुणालाच नाही. कोणतीही एक घ्या आणि मोकळे व्हा, असे आम्हा सर्वांचे मत होते. दिगंबररावांचे नव्हते. आधी पद्धतींचीच परीक्षा घ्यायची, प्रत्येकाने एकेक पद्धत वाटून घ्यायची, आणि एकाने दुसऱ्याचे गणित पाहायचे नाही, असे त्यांनी सांगितले. वाईट बी चांगले म्हणणे ही मोठी चूक की चांगले बी सोडून देणे ही, यावर बैठकांमागून बैठका गेल्या. वृत्तांत मी लिहीत असे. त्यात ‘ठरले’ हा शब्द कधी आला नाही.

शेवटी त्यांनी सुचवले, की एका तुकड्यात सगळीकडे शेतकऱ्यांकडचे जुनेच बी पेरावे आणि वाफ्यांना मात्र वेगवेगळे नंबर द्यावेत.

“एकच बी पेरायचं आणि त्यात सरस कोण ते शोधायचं?” देशपांडे म्हणाले. “लोक हसतील, दिगंबरराव.”

“हसू द्या. जी पद्धत इथंही सरस बी दाखवील, ती खोटं बोलते एवढं तर कळेल.”

कापूस फुटला तेव्हा तीर्थपुरीचे सखाराम पाटील फार्मवर आले. वाफ्यांतून फिरले आणि सात नंबरपाशी थांबले.

“हे बराबर बी आहे. बोंडं बघा की. मला ह्याचंच पाहिजे.”

त्यांच्या घरी तेच बी होते. आकडे आले तेव्हा सैल पद्धतीनेही सातलाच निवडले. आम्हाला वाटले, सैल पद्धत खोटी ठरली, सुटलो. दिगंबरराव म्हणाले, एका हंगामावरून पद्धतीलाही दोष देता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या वेळी तिने तीन नंबर निवडला. मग सैल सोडून, या परीक्षेत न फसलेल्या मधल्या पद्धतीने नवे वाण तपासले. एकही स्पष्टपणे पुढे नव्हता. जाहीर करायला नाव उरले नाही. देशपांड्यांनी दोन दिवस तोंड फिरवले.

तीर्थपुरीला सांगायला दिगंबरराव स्वतः गेले. मला सोबत नेले.

“मंग दोन वर्षं काय करून राह्यले तुम्ही?” पाटलांनी विचारले.

“तुमचं बी बदलायला कारण आहे का ते पाहत होतो.”

“आणि?”

“नाही.”

“न्हाई म्हणायला एवढा खर्चा.” पाटलांनी चहा मात्र पाजला.

मी विषमज्वराने पडलो तेव्हा दिगंबरराव रोज मोसंबी घेऊन येत, उशाशी बसत. ताप उतरला. पत्नी म्हणाली, “भाऊजी, तुमच्या मोसंब्यांनी बरे झाले हे.” ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही औषधही दिलंत, पथ्यही सांभाळलंत, नवसही बोललात. श्रेय कुणाला द्यायचं?” बायकोने त्यांच्यापुढची बशी उचलून नेली.

अशा माणसाबरोबर काम करणे सोपे नाही. माझी चिडचिड अजून संपलेली नाही. पण आमच्या चुकीचे बी कुणाच्या रानात पडले नाही, हे मला लिहावेच लागेल. त्यात खोडण्यासारखे काही नाही.

दिगंबररावांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. ते विचारतील, या गौरवग्रंथात अशा शुभेच्छा किती जणांनी दिल्या. इतक्यांतून एखादी खरी ठरणारच. ठरू द्या. कुणाची ठरली ते शोधत त्यांनी शंभरी गाठावी.