उतारावरचा हेडकाउंट

फेब्रुवारीतला गुरुवार, सकाळचे सव्वादहा. जॉर्जियातल्या एका बर्फाळ उताराच्या कडेला आम्ही सहाजण उभे होतो: गाईड गिओर्गी, मस्कतच्या ऑफिसमधले आमचे ओमानी मॅनेजर सालिम साहेब, ट्रान्सपोर्टचा इम्तियाज, अकाउंट्सचे दोघे आणि मी. सहल कंपनीची, सेफ्टीची जबाबदारी माझी. ओमानमध्ये माझी नोकरीच ती.

प्रत्येकाच्या छातीवर ट्रान्सीव्हर होता. तो सतत सिग्नल देतो. कुणी बर्फाखाली गाडला गेला, तर बाकीचे आपापला ट्रान्सीव्हर ‘सर्च’वर टाकून त्याला शोधतात. सहाही मी स्वतः तपासले होते.

“वाऱ्याने इथे नवा बर्फ साचवलाय,” गिओर्गी इंग्रजीत म्हणाला. “एकेकाने जायचं. एक पलीकडे पोचला, की मगच दुसरा.”

कारण साधं होतं. उतारावर एका वेळी एकाचंच वजन येतं, आणि बर्फ घसरलाच तर गाडला जाणारा एक, खणायला पाच.

गिओर्गी गेला. सालिम साहेब गेले. इम्तियाज मधोमध थांबला.

“साहेब, बुटाचा पट्टा सुटला!”

“हलू नकोस, आलोच आम्ही!” मी ओरडलो.

ओमानमधल्या इब्रीच्या पुढच्या वाळवंटात सोळा वर्षं मी आणि इम्तियाज एका कॉन्व्हॉयमध्ये फिरलो. पहिली गाडी माझी, दुसरी त्याची. एक थांबली की सगळ्यांनी थांबायचं, जवळ यायचं, हेडकाउंट करायचा. मग इम्तियाजच्या फ्लास्कमधला वेलचीचा चहा. वाळूत गाडी रुतली की आम्हाला संकटापेक्षा सुट्टीच जास्त वाटे. तसे निवांत दिवस पुन्हा आले नाहीत.

तीच सवय पायांत होती. अकाउंट्सच्या दोघांना घेऊन मी उतारावर शिरलो.

“नो! वन! वन!” पलीकडून गिओर्गी ओरडला.

पायाखाली ‘धप्प’ झालं. आमच्या वर एक आडवी भेग पळत गेली आणि अख्खा उतार सुटला. आम्ही तिघे कडेला फेकले गेलो. उठून मोजलं. पाच. इम्तियाज नव्हता.

“सगळे सर्चवर!” गिओर्गी धावत खाली उतरला. पहिली काही मिनिटंच हातात असतात; पुढे श्वास संपतो. त्याच्या ट्रान्सीव्हरचा बीप वाढत गेला. त्याने लांब सळई खुपसली. तिसऱ्या वेळी ती मऊ काहीतरी लागून थांबली. वरून खणलं तर माती ढासळावी तसा बर्फ त्याच्याच अंगावर जातो, म्हणून उताराच्या खालच्या बाजूने फावडी चालवली. सालिम साहेबांच्या घड्याळात आठवं मिनिट होतं, तेव्हा चेहरा दिसला. निळा. गिओर्गीने तोंडातला बर्फ बोटाने काढला. इम्तियाज खोकला.

“साहेब,” तो पुटपुटला, “हेडकाउंट झाला काय?”

मी पुन्हा मोजलं. सहा.

रविवारी मस्कतला रिपोर्ट घेऊन गेलो. सालिम साहेबांनी वाचला आणि आमच्याशी बोलायच्या नेहमीच्या हिंदीत विचारलं,

“रूट कॉज में क्या लिखा?”

“ताज़ी बर्फ और हवा.”

“बर्फ को वॉर्निंग लेटर दूँ क्या?”

मी ती ओळ खोडली आणि तिथे माझं नाव लिहिलं. लेटर मला मिळालं, ते योग्यच होतं. इम्तियाज पुढच्या वर्षी नोकरी सोडून दापोलीला गेला. कॉन्व्हॉय अजून जातो, दुसरी गाडी दुसराच कुणी चालवतो.

आता ट्रेनिंगमध्ये प्रत्येक नियमाखाली मी एक ओळ जास्त लिहितो: हा नियम कुठल्या जमिनीसाठी आहे.