दोन टोल्यांचं औषध

सोमारी मडावी बोलायला लागली की समोरच्यानं विडी पेटवून निवांत बसावं, असं कोसमघाटात पूर्वी म्हणत. सिंदेवाही सोडून जंगलाकडं वळलं की लागणारं हे गाव. वरचा टोला, खालचा टोला अशा दोन वस्त्या, आणि मधे बोडी, म्हणजे लहानसं तळं; तिच्याच पाण्यावर धान, तिच्यातलेच मासे. आता सोमारीला काही विचारलं तर ती हो-नाईपलीकडं जात नाही. तिचं तोंड कशानं बंद झालं ते सांगतो. ऐकून कुणाचं भलं होणार नाही, पण सांगायला पाहिजे.

मागं जनावरांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेची माणसं गावात आली होती. त्यांच्यात भूपेश नावाचा तरुण डॉक्टर होता आणि खरं बोलायचं तर माणूस चांगला होता. एरवी साहेब लोक घरून ठरवूनच येतात. संकरित वाणाची गाय गरिबाच्या गळ्यात बांधतात, फोटो काढतात आणि जातात; गाय चाऱ्यावाचून डोळे फिरवते. हा म्हणाला, आधी तुम्ही सांगा, मग आम्ही ठरवू. त्यानं गोटुलाच्या, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घराच्या, ओसरीत बैल, गाय, बकरी, डुक्कर, कोंबडी अशी चित्रं मांडली आणि सगळ्यांना मूठमूठ चिंचोके दिले. ज्या जनावराचं दुखणं आधी बरं व्हावं वाटतं, त्याच्या चित्रावर चिंचोके ठेवायचे. पुरुषांनी बैलावर ढीग घातला. बाया मागं बसून नुसत्या हसत होत्या. सोमारी उठली आणि तिनं आपली अख्खी मूठ कोंबडीवर रिकामी केली.

“बैल घरचा आहे जी,” ती म्हणाली. “पन कोंबडी बाईची आहे. पोराले ताप आला, पाव्हना आला, देवाले द्याचं झालं, त बाई कोनाले विचारत नाई. कोंबडी धरते. अन् दरसाली मानमोडी येते, सारं खुराडं झाडून नेते. त्याच्यावर काई करा.”

मग एकेक बाई उठली. कोंबडीचा ढीग बैलाच्या ढिगाला भारी पडला. सोमारीचा नवरा कोलू पुढं कितीतरी दिवस गाल फुगवून जेवत होता.

भूपेशनं शब्द पाळला. मानमोडीच्या साथीवरच काम ठरलं. सोमारीला सिंदेवाहीला नेऊन शिकवलं: औषध बर्फात कसं जपायचं, साथ येण्याआधीच कोंबडीचं डोकं हलक्या हातानं धरून डोळ्यात थेंब कसा टाकायचा. बाई खुशीत होती. जन्मात पहिल्यांदा कुणी तिचं ऐकून काही ठरवलं होतं.

पण संस्थेच्या मोठ्या कचेरीत योजना पक्की होताना तिच्यात एक गोष्ट शिरली. औषध वरच्या टोल्याला द्यायचं, खालच्या टोल्याला यंदा नाही. दोन्हीकडं किती मरतात ते बघायचं, म्हणजे औषधाचा गुण कळेल. चिंचोके मांडताना अख्खं गाव बसलं होतं. ही वाटणी ठरवताना कुणीच नव्हतं.

“खालच्यायले काऊन नाई?” सोमारीनं विचारलं.

“त्यांना पुढच्या वर्षी देऊ, बाई,” भूपेश म्हणाला. “दोन्हीकडं दिलं तर फरक दाखवता येत नाही. फरक दाखवला नाही तर कचेरीतले लोक पुढं काही देत नाहीत. खालच्या टोल्याला तेवढं समजावून सांग.”

सोमारीनं मान डोलावली. तिचं घर वरच्या टोल्यात, पण खालच्या टोल्यात तिची थोरली जाऊ मनकर्णा राहत होती, एकटी, नवरा गेलेली. तिच्या घरापर्यंत सोमारी जाऊन आली, पण इकडचं तिकडचं बोलून परतली. सांगायचं होतं ते सांगितलंच नाही.

कोसमघाटात बोडीचे मासे धरले की सगळे एका जागी ओततात आणि घरं मोजून वाटे पाडतात. जाळं ओढणाऱ्याला एक वाटा, तापानं पडलेल्याला एक, रांडमुंड बाईलाही एक. मासे कमी निघाले तर वाटा लहान होतो, घर वगळत नाहीत. गावात आलेली चीज अर्ध्या गावानं खायची, हे त्या मातीत बसतच नाही. रीत मोडणाऱ्याला दंड काय, ते कुणाला माहीत नाही, कारण कधी कुणी मोडलीच नाही.

औषध आलं ते वरच्या टोल्यापुरतंच. सोमारीनं दार लोटून घेतलं आणि पाणी उकळून, गार करून, औषधात तितकंच मिसळलं. पाणी घातलं की औषध हलकं पडतं, हे तिला शिकवलेलं होतं. अडाणीपणा म्हणून सोडून देता येईल, असं ते नव्हतं. पण मनाला समजावायला माणसाला कितीसा वेळ लागतो? पाव्हणे आले तर आंबिलीत पाणी वाढवतोच की, तिनं म्हटलं. सगळ्यायले थोडं थोडं. मग ती वरच्या टोल्यात फिरली आणि तशीच उन्हातून खालच्या टोल्यात उतरली. मनकर्णानं आपल्या कोंबड्या एकेक धरून दिल्या.

“गुन येईन ना वं?”

“येईन, बाई,” सोमारी म्हणाली, आणि तिला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

थंडी पडली तशी मानमोडी आली. कोंबड्या पंख पाडून कोपऱ्यात बसू लागल्या, हिरवं हागू लागल्या, माना पिळल्यासारख्या वाकड्या होऊ लागल्या. खालच्या टोल्यात मेल्या, वरच्या टोल्यातही मेल्या. लोकांनी टोपल्या भरभरून नेल्या आणि रानात पुरल्या. औषधच खोटं, असं सगळे म्हणाले. सोमारीला कुणी बोल लावला नाही. बोल लावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

भूपेश आला. ओस खुराडी बघत हिंडला आणि सोमारीच्या दारात येऊन खाटेवर बसला.

“इकडं हे औषध चालतच नाही, असं निघतंय,” तो म्हणाला. “आता कोंबडीचं काम बंद होईल, आसपासच्या साऱ्या गावांचं. बकरीचं काहीतरी काढतील.”

गप्प राहिलं तर सोमारीवर काही येत नव्हतं. पण तिनं ज्या बायांसाठी मूठ रिकामी केली होती, त्या सगळ्यांच्या तोंडचं जात होतं, आणि तेही खोट्यानं.

“औषध खोटं नाई जी,” ती म्हणाली. “म्या पानी घातलं. खालच्यायलेही देल्लं.”

भूपेशनं मान वर करून तिच्याकडं बघितलं.

“मला का नाही विचारलंस?”

“तुमी नाई म्हटलं असतं.”

“हो,” तो म्हणाला. “म्हटलं असतं.”

तो चिडला नाही. चिडण्याइतकं त्राण त्याच्यात उरलेलं दिसत नव्हतं. खरं तेच कचेरीला कळवतो, म्हणाला. दुसऱ्या गावांत काम चालू राहील, कोसमघाट मात्र त्यातून जाईल.

“अन् खालचा टोला? तुमी पुढच्या साली म्हटलं होतं.”

“तोही गेला, बाई. दोन्ही गेले.”

तो गेल्यावर सोमारी उठली आणि बोडीच्या पाळीवरून खालच्या टोल्यात गेली. मनकर्णा अंगणात तांदूळ पाखडत होती. सोमारीनं सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. मनकर्णाचं सूप थांबलं.

“इतकं होतं त मले काऊन नाई सांगतलं?”

“तुले नाई आहे, मले आहे, असं कोन्या तोंडानं सांगू, बाई?”

“याच तोंडानं,” मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “अवं, तुह्या वाचल्या असत्या त म्या एक तलंग कोंबडी मागून नेली असती. तू देल्ली असती. साल भरलं असतं त माह्या अंगनात पिल्लं फिरली असती. आता दोनी टोल्यात नाई. कोनाले मागू?”

गावात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं होतं. ज्याची मरते, त्याला ज्याची वाचते तो देतो. तीही वाटणीच होती. डॉक्टरला ती ठाऊक नव्हती. सोमारीला होती, आणि पाणी मिसळताना तिला ती आठवली नाही.

ती खाली बसली. मनकर्णानं सूप पुन्हा हातात घेतलं. पाखडलेली कणी अंगणभर सांडत राहिली आणि ती टिपायला कोणी आलं नाही.