नारळ खाल्लेला हात

पेडगावात आश्रुबा चेअरमनला न कळणारी गोष्ट अजून जन्माला यायची होती. सोसायटीची चेअरमनकी जाऊन अकरा वर्षं झाली, पण मिशीचा पीळ उतरला नव्हता. सुकेशनीला त्याचा राग येत नसे. राग यायला माणूस निदान बरोबरीचा लागतो. तिला त्याची शिसारी यायची.

सुकेशनी बौद्धवाड्यातली सून, बीएस्सी झालेली. बचतगटाला फवारणीचा ड्रोन मिळाला तेव्हा परीक्षा देऊन तो उडवायचा परवाना आणणारी गावात ती एकटीच. सहा हातांचं यंत्र, हरेक हाताच्या टोकाला पंखा, पोटाशी दहा लिटरची टाकी. ते पडलं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार आणि पुन्हा कुठली बाई त्याला हात लावू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याला आश्रुबानं न विचारता ड्रोनची पूजा मांडली. हळदकुंकू, झेंडूचा हार, इथवर ठीक. पण नारळ फोडायला या शहाण्याला दगड सापडला नाही. ट्रॅक्टरच्या बंपरवर फोडतात तसा त्यानं तो ड्रोनच्या एका हातावरच हाणला.

"चेअरमन साहेब, तो कार्बनचा पाइप हाय, लोखंड न्हाई!" सुकेशनी ओरडली.

"तुमच्यात पूजा नसती, तुला काय कळायलंय त्यातलं," असं म्हणून तो खोबरं वाटायला लागला.

पाइपावर ओरखडासुद्धा नव्हता. पण असा पाइप वरून धड दिसतो आणि आतून त्याचे थर सुटतात, हे तिनं प्रशिक्षणात ऐकलं होतं. तिनं कंपनीला फोन केला. तिथल्या साहेबानं फोटो मागवला, फोटोत त्याला कुंकू दिसलं, आणि काही झालेलं नाही, खुशाल उडवा, असं त्यानं कळवून टाकलं. उंटावरचे शहाणे शहरातही असतात.

तिसऱ्या दिवशी बायनाबाईच्या तुरीवर फवारणी होती. म्हातारी बायनाबाई बांधाच्या टोकाला उभी होती. ड्रोन तिच्या जवळूनच वळणार होता. आश्रुबा चार-पाच जणांना घेऊन तमाशा बघायला आलेला, मोबाइलवर व्हिडिओ चालू.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीला वळणावर ड्रोनच्या एकसुरी घुंघुंमध्ये, घासात खडा यावा तशी बारीक खर्र झाली. स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. पुढच्या वळणावर पुन्हा खर्र. सुकेशनीनं अर्ध्या टाकीनिशी ड्रोन माघारी फिरवला आणि सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात हळूच उतरवला.

"भ्याली!" आश्रुबा मोबाइलात बोलला. "मशीन ठीक म्हणायलंय, अन् हिच्या कानात भूत शिरलंय."

सुकेशनीच्या बापाची सगळी नोकरी पूर्णा जंक्शनवर गेली होती, डब्यांची चाकं हातोडीनं ठोकून आवाजावरून तडा ओळखण्यात. तिनं बॅटरी काढली, रुपयाचं नाणं घेतलं आणि एकेक हात वाजवला. पाच हात स्वच्छ वाजले. नारळ खाल्लेला हात बद्द वाजला. तिनं पुन्हा वाजवला. बद्द.

"मडकं घ्यायला आलीस का बाजारात?" आश्रुबा म्हणाला. सगळे हसले. कशाला हसतो हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि त्या हसण्याचीच तिला जास्त घाण वाटली. "चढव वर! मी सांगायलोय ना, काय होत न्हाई."

"चढवते," ती शांतपणे म्हणाली. "फक्त तुमी तिथं तुरीत जाऊन हुबे ऱ्हावा, बरोबर त्याच्या खाली. तुमी खाली असल्यावर मला कशाचं भ्या?"

आश्रुबा हसला. या खेपेला एकटाच हसला. मग त्यानं व्हिडिओ बंद केला, परभणीला लय अर्जंट मीटिंग असल्याचं त्याला आठवलं, आणि तो बांधावरून खाली उतरला.

आश्रुबासमोर जन्मात कधी तोंड न उघडलेली बायनाबाई पुढं झाली.

"थांबा की चेअरमन. तुमच्या डोक्यावर नको, अन् माझ्या डोक्यावर चालतंय व्हय?"

आश्रुबा मोटारसायकलला किक मारत राहिला. गाडी काही केल्या सुरू होईना, आणि धक्का द्यायला त्या चार-पाच जणांतलं कुणीही जागचं हललं नाही.