पद्मावतीची किल्ली

इब्रामपुरात पद्मावतीने बोललेला नवस कधी फेडायचा राहिला नाही. एकदा तळव्यात काच गेलेली असतानाही ती अनवाणी देवळात गेली. लोक कौतुक करत. तिला मात्र फक्त भीती वाटे, दिलेला शब्द मोडण्याची.

म्हणून वास्कोहून गौरेशला घरी आणल्यावर तिने त्याला आधी देवीपुढे उभं केलं. मुलगा चोवीस वर्षांचा, बंदराजवळच्या गोदामात कामाला. रात्रपाळी, एका खोलीत चौघे. दिवसा झोप येईना. सोबत्याने गोळी दिली. गोळी पुरेना तेव्हा वर दारू. दोन वर्षांत अशी वेळ आली की सकाळी प्यायल्याशिवाय त्याला शर्टाची बटणं लावता येत नसत.

गुरवाने देवीला गाऱ्हाणं घातलं. पंधरा दिवस थेंब नाही, गोळी नाही, असा शब्द पद्मावतीने दिला. तिने त्याला मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात कप ठरेना. उंडो पाव बुडवताना चहा अंथरुणावर सांडला.

"विष भायर पडता," तिचा नवरा बाबली म्हणाला. तिलाही ते पटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आतून हाक आली. "आये, भिंतीर मुंगयो बघ गे! आंगार येतत!"

तिने जनेलाच्या गजांतून आत पाहिलं. भिंत कोरी होती.

"खंय रे मुंगयो?"

"तूय त्यांचीच!" तो ओरडला आणि धाडकन पडला.

किल्ली कुलपात जाईपर्यंत दोनदा चुकली. आत गौरेशच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या. दात घट्ट बसलेले, ओठावर रक्त. शेजारी बाळाला डोस द्यायला आलेली नर्स विनिता आरडाओरडा ऐकून धावत आली. झटका थांबताच तिने त्याला कुशीवर वळवलं.

"दारू कधी सोडल्यान?"

"परवा. एकदम."

"एकदम? काकी, असा करुचा नसता! रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टराक इचारल्याबगर तोडल्यार असो झटको येता. परत इलो तर जीव जायत. हॉस्पिटलात गोळये दिवन हळूहळू सोडयतले."

"गोळये?" बाबली दारात आडवा उभा राहिला. "सगळ्या गावासमोर देवीक शब्द दिलो हा. गुरवाक बोलावया."

"बोलवा, काका. तोपर्यंत ह्येका कोण बघतलो?"

पद्मावतीने मुलाच्या तोंडावरचा फेस पदराने पुसला. अजून बारा दिवस उरले होते.

"वाट सोड," ती नवऱ्याला म्हणाली. "शब्द मी दिलो, मीच मोडतंय. देवीन इचारल्यान तर माका इचारू दे."

रुग्णवाहिकेत दुसरा झटका आला. सोबतच्या माणसाने सुई दिली. गौरेशचा जबडा सैल होईपर्यंत तिने त्याचा हात सोडला नाही.

दोन दिवसांनी तो नीट बोलू लागला. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती प्यायचास? कधीपासून? का?"

हे त्याला घरात कुणीच विचारलं नव्हतं. त्याने आईकडे पाहिलं, तिने बाहेर जावं म्हणून.

ती स्टूल ओढून जवळ बसली.

"सांग," ती म्हणाली. "माझ्यासमोर सांग."