छबूबाईंच्या खांबावरचा दिवा

छबूबाईंचं शुक्राशी किंवा गुरूशी काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते दर उन्हाळ्यात ग्रह बघायला घरी येणाऱ्या दोघांशी, आणि त्यांना मानानं बोलावणाऱ्या स्वतःच्या नवऱ्याशी. सूर्यभानरावांचे हे कॉलेजातले मित्र. एक गहिनीनाथ सर, राहणार केडगाव, शाळेतून निवृत्त झालेले, पण दिसेल त्याला शिकवायची खोड न गेलेले. दुसरे परवेझभाई, श्रीगोंद्यात मोबाईलचं दुकान चालवणारे, स्वभावानं मऊ. सरांची दुर्बीण, सूर्यभानरावांचं अंगण, परवेझभाईंचं कोल्ड्रिंक आणि छबूबाईंच्या भाकरी, असा हा दरसालचा थाट. त्यातल्या भाकरी सोडून बाकी सगळ्याचं कौतुक व्हायचं.

आता छबूबाईंना आकाशाचं वावडं होतं असं कुणी समजू नये. माहेर त्यांचं तिसगावचं. कोरडवाहू मुलूख, बाजरी नि तूर, नजर जाईल तिथवर मोकळं रान. उन्हाळाभर सगळं घर अंगणात झोपायचं आणि अंधाराचं कुणाला काही वाटायचं नाही. लग्न होऊन त्या श्रीगोंद्याच्या बाजूला उसात आल्या आणि ते संपलं. डोक्याच्या वर गेलेला ऊस पार वाटेला भिडलेला, आणि त्या उसात बिबट्या. गेल्या थंडीत शेजारच्या भीमाची कालवड त्यानं गोठ्यातून नेली, तीही घरातली माणसं जेवत असताना.

तेव्हा छबूबाईंनी फाट्यावरून वस्तीकडे येणाऱ्या वाटेसाठी दिवा मिळवला. मिळवला म्हणजे ओरबाडून घेतला. ग्रामसेवक म्हणाले, बघू. सरपंच म्हणाले, पुढच्या वर्षी. मग या डबा बांधून ग्रामपंचायतीत जाऊन बसल्या. तिथंच जेवल्या, तिथंच शेंगा फोडल्या, टरफलं टेबलावर ठेवून घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. शेवटी कंटाळून पंचायतीनं वायरमन पाठवला. वस्तीच्या तोंडाशी, त्यांच्या अंगणासमोरच्या खांबावर दिवा लागला आणि पार ओढ्यावरच्या मोरीपर्यंतची वाट उजळली.

हा सगळा खटाटोप सुनेसाठी होता. सुकन्या श्रीगोंद्यात औषधांच्या दुकानात कामाला. तिचा नवरा ओम चाकणला कंपनीत, घरी यायचा तो सुट्टीपुरता. सुकन्या अंधार पडताना जीपमधून फाट्यावर उतरायची, आणि सूर्यभानराव मोटारसायकल घेऊन तिला आणायला उभे असायचे. एवढं एक काम तो माणूस न चुकता करायचा, हे छबूबाईही कबूल करत.

यंदा जूनमध्ये शुक्र आणि गुरू पश्चिमेला अगदी शेजारी शेजारी आले. पाऊस लांबला होता, आभाळ स्वच्छ होतं, गहिनीनाथ सरांना तर तहानभूक राहिली नव्हती. दिवस मावळायच्या आत दुर्बीण अंगणात उभी राहिली. सरांचे नियम कडक. अंधाराला सरावलेले डोळे उजेडानं बिघडतात, म्हणून सगळ्यांचे मोबाईल आत ठेवायचे. ते भाकरीच्या रिकाम्या डब्यात टाकून सूर्यभानरावांनी डबा चुलीपाशी आणून दिला. बॅटरीच्या काचेवर लाल कागद. वर सरांनी फर्मान सोडलं, "वहिनी, दार लोटून घ्या. उजेड बाहेर येतोय."

"सुकन्याचं काय?" छबूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"तिला सांगितलंय मी. दिवा हाय की वाटंला, येईल चालत. एक दिवस," सूर्यभानराव म्हणाले.

एक दिवस म्हणून छबूबाईंनी ऐकलं. दार लोटून त्या भाकरी थापायला लागल्या. बाहेर हसणं चाललं होतं, "आहाहा" चाललं होतं. थोड्या वेळानं भाकरीचा डबा घुरघुरायला लागला. आधी त्यांनी दुर्लक्ष केलं. डबा थांबला, पुन्हा घुरघुरला, पुन्हा थांबला, पुन्हा सुरू झाला. तेव्हा त्यांनी पिठाच्याच हातानं झाकण काढलं. सूर्यभानरावांच्या मोबाईलवर सुकन्याचं नाव होतं.

"मामा, दिवा का गेला?" पोरगी जवळजवळ रडत होती.

"मी हाय गं. कुठं हायेस?"

"मोरीवर, आत्या. चालत आले आन एकदम दिवाच गेला. म्होरं उसात कायतरी वाजतंय. मला म्होरं बी येता येईना आन मागं बी जाता येईना. मोबाईल बी बंद पडंल आता."

छबूबाईंनी दार उघडलं. खांबावर काळोख होता.

"दिवा कुनी घालवला?"

"मीच, वहिनी." गहिनीनाथ सरांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "फ्यूज काढून ठेवलाय. थेट डोळ्यात येत होता."

"लावा तो आधी. सुकन्या मोरीवर आडाकलीया. उसात कायतरी हाय."

"दहाच मिनिटं. शुक्र खाली चाललाय, असा योग रोज येत नाही. अहो, उसात डुकरं असतात."

छबूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सूर्यभानरावांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला, मित्राकडे पाहिलं, आणि म्हणाले, "अगं, ती काय ल्हान हाय का? येईल."

परवेझभाई खुर्चीवरून अर्धे उठले. "मी जातो," असं काहीतरी पुटपुटले. सर म्हणाले, "बसा हो, नंबर तुमचाच आहे." परवेझभाई बसले. छबूबाईंना सगळ्यात जास्त राग त्यांचाच आला. बाकीच्या दोघांना कळलं नव्हतं, यांना कळलं होतं.

त्या आत गेल्या. ताट घेतलं, उलथणं घेतलं, अंगणात येऊन बॅटरीवरचा लाल कागद टराटरा फाडला, आणि बॅटरी काखेत धरून ताट बडवत वाटेला लागल्या. उसातून जाताना आवाज करत जायचं, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्या ताट बडवत होत्या आणि तोंडानं तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. भीती वाटत होतीच. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता, म्हणून पाय चालत होते.

मागून सरांचा आवाज आला, "वहिनी, बॅटरी खाली धरा!"

सुकन्या मोरीच्या कठड्याला चिकटून उभी होती. सासूला बघताच तिनं तिचा दंड धरला. उसात पाचट वाजलं. डुक्कर असेल, कोल्हा असेल, आणखी कुणी असेल. छबूबाईंनी तिकडे तोंड करून असं काही ताट बडवलं की उलथण्याचा दांडा वाकला. मग दोघी एकमेकींना धरून घरी आल्या.

"आली ना?" सूर्यभानराव म्हणाले. "झालं का काई? उगं तमाशा." मग आवाज मऊ करून त्यांनी सुनेला हाक मारली. "ये गं सुकन्या. गुरूचे चंद्र बघ. चार दिसत्यात."

सासऱ्यानं बोलावलं म्हणून सुकन्या गेली. तिनं पदर सावरला, वाकली, आणि तोल जाऊ नये म्हणून नळीला हात लावला. दुर्बीण हलली.

"अगं, हात नको लावू!" गहिनीनाथ सर ओरडले. "गेलं ना सगळं हलून! एवढा वेळ लावून बसवलं होतं."

सुकन्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि म्हणाली, "चुकलं, काका."

ते "चुकलं" छबूबाईंना सहन झालं नाही. एका पावलात त्या सरांच्या पुढ्यात गेल्या, आणि परक्या पुरुषाच्या शर्टाच्या खिशात हात घालून त्यांनी फ्यूज काढून घेतला. सर खुर्चीतच आक्रसले. सूर्यभानराव "अगं अगं" करेपर्यंत त्या खांबापाशी पोचल्या होत्या. फ्यूज बसला. सगळं अंगण, दुर्बीण, कोल्ड्रिंकची बाटली आणि तीन माणसांची तोंडं लख्ख दिसायला लागली. तिघांनी डोळ्यांवर हात धरले.

सरांनी दुर्बीण पेटीत भरली. परवेझभाई सुकन्याजवळ जाऊन "बेटा" म्हणाले आणि तेवढंच म्हणून निघाले. भाकरीला कुणी थांबलं नाही. दोघं त्याच उजेडातून फाट्याकडे गेले, तिथं सरांची गाडी उभी होती.

सूर्यभानराव रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभे राहिले. चाळीस वर्षांची मैत्री होती.

"आता परत कोन येनार हाय आपल्याकडं?"

छबूबाई वाकलेलं उलथणं दगडावर ठेवून सरळ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सुकन्या येनार हाय, उद्या याच वक्ताला. फाट्यावर जाऊन हुबं ऱ्हावा."